नदीवर लटकणाऱ्या गाडीत आम्ही दोघी

माझा घटस्फोट झाला त्या वर्षी दिवाळीत माझ्या नणंदेला तिच्या आईनं बजावलं, की आता तिला वहिनी म्हणणं बंद कर. नणंद राहते कॉव्हेंट्रीला, मी लीड्सला, तिची आई सांगलीला, आणि ज्याच्यामुळे ही सगळी नाती जुळली होती तो लंडनच्या पिनर भागात. नणंदेनं विचारलं, मग काय म्हणू? आई म्हणाली, काही म्हणायची वेळच येऊ देऊ नकोस. हे नणंदेनं मला त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं, आणि सुरुवात "अगं वहिनी, ऐक ना" अशीच केली.

लग्न मी मोडलं. हे सरळ सांगितलेलं बरं, कारण लोक फार नाजूकपणे विचारतात आणि त्या नाजूकपणाचा मला कंटाळा आलाय. तो माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या घरात मला माझ्या मनानं एक स्टूलसुद्धा इकडचं तिकडे करता येत नव्हतं. मी रेडिओग्राफर आहे, एक्स-रे काढणारी. लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मला वरची जागा मिळाली तेव्हा तो म्हणाला, जायचं असेल तर कायमची जा. त्याला वाटलं होतं मी थांबेन. मी दोन सुटकेसा भरल्या आणि गेले. पुढे कोर्टानं जे केलं ते नुसतं शिक्कामोर्तब होतं.

नणंद माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. माझ्या लग्नात ती कॉलेजात होती, आणि माझ्या मागोमाग शिकायला म्हणून इंग्लंडला आली ती इथेच राहिली. आता एका गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. लग्न केलेलं नाही आणि करायचंही नाही म्हणते. मोठ्यानं बोलते, जोरात गाडी चालवते, आणि अख्ख्या घरात एकटीच वडिलांसमोर पाय पसरून बसायची. कशालाही न घाबरणारी मुलगी, अशी तिची ख्याती. फक्त आईपुढे ती खोटं बोलायची. लीड्सला माझ्याकडे यायचं असलं की ऑफिसचं ट्रेनिंग निघायचं. त्या कंपनीइतकं ट्रेनिंग जगात कुठे होत नसेल.

लीड्सला आल्यावर वर्षा-दीड वर्षानं एका सकाळी मी दात घासत होते आणि समोरचं बेसिन डावीकडे कलंडलं. मग भिंत कलंडली. मी बाथरूमच्या फरशीवर आडवी पडले आणि फरशी माझ्याखालून फिरतच राहिली. आतल्या कानाला इन्फेक्शन झालं होतं. डाव्या कानानं ऐकू येणं गेलं आणि त्या बाजूचा तोलही गेला. कानाचा मोठा डॉक्टर, कन्सल्टंट, सभ्य माणूस होता. त्यानं सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, पण मेंदू शिकतो, तुझा मेंदू डोळ्यांनी आणि तळपायांनी तोल सांभाळायला शिकेल. किती दिवसांत, हे मात्र त्यालाही सांगता येईना.

नणंद कॉव्हेंट्रीहून आली आणि कितीतरी दिवस माझ्याकडे राहिली. मऊ भात करायची, मला धरून बाथरूमला न्यायची, मला वाचता येत नव्हतं म्हणून चांगल्या कानाशी रेडिओ लावून ठेवायची. आईला अर्थातच ट्रेनिंग सांगितलं होतं. एका दुपारी त्या रेडिओवर जुन्या आगगाड्यांबद्दल काहीतरी चाललं होतं. जर्मनीत वुपरटाल नावाचं एक गाव आहे, डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या दरीत वसलेलं. तिथे रूळ टाकायला जमीनच नव्हती, म्हणून शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्यांनी नदीच्या दोन्ही काठांवर लोखंडी पाय रोवले, वर रूळ बांधला आणि त्याला गाडी खालून लटकवली. ती अजून चालते. लोक तीतून शाळेत जातात, कामाला जातात. आणि निवेदिका म्हणाली की ती जराशी झुलते, झुलायलाच हवी.

मी तेव्हा पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून पडले होते. झुलायलाच हवी, हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. त्याच क्षणी मी नणंदेला म्हटलं, मी त्या गाडीत बसणार. ती म्हणाली, आधी उठून बस.

उठून बसले, चालायला लागले, कामावर परतले. पण कामावर माझं मशीन कोणी मला दिलं नाही. आमच्याकडे एक फिरतं एक्स-रे मशीन असतं, ते ढकलत वॉर्डात न्यायचं, जो पेशंट खाली येऊ शकत नाही त्याचा फोटो तिथेच काढायचा. ऑपरेशन थिएटरमध्येही उभं राहावं लागतं. हे काम माझं होतं आणि मी ते चांगलं करायचे. माझ्या सुपरवायझरनं मला अपॉइंटमेंटच्या टेबलाशी बसवलं. आपण रिस्क नको घ्यायला, म्हणाली. मी कधी परत उभी राहणार असं विचारलं की ती माझ्या खांद्यावर हात ठेवायची. सगळेच फार मायेनं वागत होते. मायेनं बसवलेल्या माणसाला उठता येत नाही, कारण भांडायला समोर कोणी नसतं.

इतरांचंही तेच. मराठी मंडळाच्या गणपतीत मी आरतीला उभी राहिले की कोणीतरी मागून खुर्ची सरकवायचं. मिरजेहून माझा भाऊ फोन करून म्हणायचा, एकटी कशाला राहतेस तिथे, इकडे ये, आम्ही आहोत. मला वळताना भिंतीला बोट लावावं लागायचं हे खरं होतं. अंधारात चालता यायचं नाही हेही खरं. पण मी बसून राहायला लीड्सला आले नव्हते.

माझी फिजिओ एकटीच वेगळं बोलायची. तिचं म्हणणं, तुझ्या मेंदूला हलण्याची सवय व्हायला हवी, हलणाऱ्या गोष्टींची हळूहळू सवय करून घे. लहानसहान गोष्टींपासून सुरुवात कर. मी तिला विचारलं, झुलणारी आगगाडी चालेल का? तिला वाटलं मी गंमत करतेय.

वसंतात आम्ही निघालो. विमान नको होतं, कानाचा भरवसा नव्हता, म्हणून सगळा प्रवास आगगाडीनं. मी लीड्सहून लंडनला आले, नणंद कॉव्हेंट्रीहून आली, सेंट पॅन्क्रस स्टेशनवर भेटलो आणि समुद्राखालून ब्रसेल्सला, तिथून कोलोनला, तिथून लहान गाडीनं वुपरटालला. नणंदेनं आईला सांगितलं होतं, बर्मिंगहॅमला तीन दिवसांचं ट्रेनिंग आहे. तिनं डब्यात मेथीचे ठेपले आणले होते आणि वाटेत ती इतकं बोलली की मला चक्कर यायला सवडच मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी पहिल्यांदा पाहिली. स्टेशनाबाहेरच्या चौकातून मान वर केली तर फिकट हिरव्या लोखंडाचे पाय ओळीनं नदीवर फेंगडे उभे होते, आणि त्यांच्यामधून एक निळी गाडी आली. तिला खाली काहीच नव्हतं. चाकं वर, रुळावर, आणि डबे खाली हवेत. खाली नदी, फार खोल नाही, दगडांवरून वाहणारी, आणि काठावर बदकं. गावातली माणसं मान वर न करता चालली होती. आपल्याकडे माजघरातल्या झोपाळ्याकडे कोण बघतं, तसं.

नणंदेनं लगेच व्हिडिओ काढायला सुरुवात केली. "वहिनी, जत्रेतला आकाशपाळणा आडवा केलाय गं यांनी."

आम्ही दिवसभराचं तिकीट काढलं आणि जिना चढून प्लॅटफॉर्मवर गेलो. मधल्या जाळीतून खाली पाणी दिसत होतं. गाडी आली, दारं उघडली, आणि मी पाय टाकला तसा डबा माझ्या वजनानं किंचित खाली आणि बाजूला गेला. अगदी किंचित, झोपाळ्यावर बसताना कड्या जेवढ्या करकरतात तेवढाच. मी खांब धरला. फिजिओनं शिकवलेलं सगळं केलं: लांबवर एक न हलणारी गोष्ट शोधायची, नजर तिथे ठेवायची, तळपाय सपाट, श्वास सोडायचा. डोंगरावर एक चर्चचं टोक होतं, मी ते पकडलं. गाडी सुटली. चर्च मागे गेलं, मी एका कारखान्याची चिमणी पकडली. चिमणी गेली, एक झाड. वळणावर सगळा डबा बाहेरच्या बाजूला झुकला आणि परत सरळ झाला. माझ्या कपाळावर घाम आला होता, पण मी उभी होते.

आजूबाजूला पाहिलं. शाळेची मुलं खांबाला लटकली होती. एक माणूस पट्ट्याला धरून वर्तमानपत्र वाचत होता. एका बाईनं एका हातानं बाबागाडी आणि दुसऱ्या हातानं दांडा धरला होता. सगळेच धरून होते. त्या आजारानंतर मी पहिल्यांदाच अशा जागी होते जिथे धरून उभं राहण्याकडे कोणी वळून बघत नव्हतं. मी नणंदेला हे सांगायला वळले.

तिचं व्हिडिओ काढणं थांबलं होतं. मोबाइल खाली आला होता. चेहरा पांढरा पडला होता आणि तिची नजर खिडकीतून सरळ खाली नदीवर होती. तेवढ्यात पुढच्या स्टेशनात आधीची गाडी उभी असावी म्हणून आमची गाडी जराशी थांबली, नदीच्या मधोमध, आणि थांबल्यावर वाऱ्यानं हलकेच डावी-उजवी झाली. नणंदेनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली.

मी विचारलं, काय होतंय? ती दात आवळून म्हणाली, "मला उतरायचंय."

"अगं, खाली नदी आहे."

"मला माहितीये नदी आहे."

आयुष्यात मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. महाबळेश्वरला कड्याच्या टोकावर बसून ती पाय हलवायची आणि तिची आई मागे ओरडायची. मी माझं झाड सोडलं, चिमणी सोडली आणि तिच्याकडे बघायला लागले. तिला म्हटलं, खाली बघू नकोस, डोंगरावरचं ते लाल छप्पर बघ. दिसलं? त्याच्याकडेच बघत राहा. पाय सपाट ठेव. आता श्वास सोड. आत नको घेऊस, आधी सोड. कितीतरी महिने मला फिजिओ जे सांगत आली होती ते मी तिला सांगत होते आणि ते सांगताना मी स्वतः कशालाही न धरता उभी होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

गाडी हलली, स्टेशन आलं, आम्ही उतरलो. ती बाकावर बसली आणि रडायला लागली. आवाज न करता, पण खांदे हलवून. शेजारी एक म्हातारी जर्मन बाई भाजीची पिशवी घेऊन बसली होती. तिनं आमच्याकडे न बघता पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून नणंदेच्या पुढे धरली. नणंदेनं ती घेतली, तोंडात टाकली आणि मग बोलायला लागली.

तिला नदीची भीती वाटली नव्हती, किंवा वाटली होती पण नुसती नदीची नाही. खाली बघताना तिच्या मनात आलं, आत्ता ही गाडी पडली तर आईला फोन जाईल जर्मनीतून. आईला तर ती बर्मिंगहॅमला आहे असं वाटतंय. आणि लेक मेल्यावरही आई म्हणत राहील, बघा, खोटं बोलून गेली आणि त्या बाईबरोबर गेली.

"आपण मरणार होतो आणि तुला आईच्या बोलण्याची काळजी?" मी म्हटलं.

"हसू नकोस. मी पस्तिशी ओलांडली, घर घेतलं, माझ्या हाताखाली माणसं काम करतात. आणि माझ्या वहिनीला भेटायला मला ट्रेनिंग लागतं."

यावर मला हसू आलं नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलते याचं मला आतून कुठेतरी बरं वाटत आलं होतं, जणू त्यात तिचं माझ्यावरचं प्रेम मोजलं जात होतं. त्या बाकावर मला ते बरं वाटेनासं झालं. माझ्या नावासाठी तिनं का लपावं? मी काय केलं होतं? नोकरी घेतली होती, नवरा सोडला होता, आजारी पडले होते आणि बरी होत होते. यातलं लपवण्यासारखं मला एकही दिसेना.

मी म्हटलं, "घाबरायचंच असेल तर खरं बोलून घाबर. मग निदान एकाच गोष्टीची भीती राहील."

तिनं डोळे पुसले आणि मोबाइल काढला. त्यांच्या घरचा एक ग्रुप आहे. आई, भाऊ, काका-काकू, आत्या, पुण्याची चुलत भावंडं. मी त्यातून केव्हाच काढली गेले होते. तिनं मला जवळ ओढलं, मागे ती निळी गाडी येईपर्यंत थांबली आणि आम्हा दोघींचा फोटो काढला. तिचे डोळे लाल, माझे केस विस्कटलेले. खाली लिहिलं: मी जर्मनीत आहे, वहिनीबरोबर. बर्मिंगहॅमचं खोटं होतं. यापुढे सांगून जाईन. आणि पाठवून दिलं, मला वाचायला न देता. मी नंतर वाचलं.

फोन लगेच वाजला. तिचा भाऊ होता. म्हणजे माझा आधीचा नवरा. तिनं स्पीकरवर टाकला नाही, पण माझा उजवा कान चांगला आहे आणि त्याचा आवाज मला अकरा वर्षं ओळखीचा होता. तिथे काय करतेयस, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, गाडीची वाट बघतेय. मग तो बराच वेळ बोलला. आईचं बीपी, लोक काय म्हणतील, त्याच्या नव्या बायकोला काय वाटेल. शेवटी तो म्हणाला, ती आता आपली कोणी लागत नाही.

"तुझी लागत नसेल," ती म्हणाली. "तुमचं लग्न होतं, ते तुम्ही मोडलंत. माझं तिच्याशी लग्न नव्हतं, त्यामुळे माझं काही मोडलेलं नाही."

पलीकडे काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, कारण गाडी आली. तिनं "गाडी आली, ठेवते" म्हटलं आणि खरंच ठेवला.

त्या म्हाताऱ्या बाईला यातलं एक अक्षर कळलं नसणार. पण ती आमच्याबरोबर गाडीत चढली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, मागे बसा, सगळ्यात मागे, तिथली खिडकी सगळ्यात चांगली. त्या गाडीला ड्रायव्हर एकाच टोकाला असतो, दुसऱ्या टोकाला नुसती मोठी काच. आम्ही तिघी तिथे बसलो. मागे सरत जाणारा रूळ, ते फेंगडे पाय आणि मधून नदी. नणंदेनं माझा हात धरला होता, पण आता नखं नव्हती. बाईनं आम्हाला एक गोष्ट सांगितली. ती अगदी लहान असताना एका सर्कसवाल्यानं जाहिरातीसाठी हत्तीणीचं पिल्लू या गाडीत चढवलं होतं. ते बिथरलं आणि खिडकी फोडून खाली नदीत पडलं.

"मेलं?" नणंदेनं विचारलं.

"छे," बाई म्हणाली. थोडं खरचटलं. उठलं आणि चालायला लागलं. नंतर पुष्कळ वर्षं जगलं. मग तिनं आम्हा दोघींकडे बघून काहीतरी जर्मनमध्ये म्हटलं, पिशवी उचलली आणि तिच्या स्टेशनवर उतरून गेली.

पुढे गाडी एका कारखान्याच्या मधोमध शिरली, नळ आणि टाक्यांच्या बाजूनं, आणि मग नदी सोडून एका रस्त्यावर आली. आता खाली मोटारी आणि दुकानं, आणि दोन्ही बाजूंना लोकांच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या, हात लांबवला तर पडदा सरकवता येईल इतक्या जवळ. एका स्वयंपाकघरात एक माणूस उभ्यानंच पाव खात होता. एका खिडकीत मांजर. त्या घरांतल्या लोकांना दिवसभर खिडकीतून परकी माणसं जाताना दिसतात, आणि त्यांनी पडदेसुद्धा ओढलेले नाहीत, याचं नणंदेला फार कौतुक वाटलं. आपल्याकडे एका घटस्फोटासाठी सगळी आळी खिडक्या लावून आतून बघते, ती म्हणाली.

टोकाला गाडी एका मोठ्या वळणावरून फिरते आणि परत निघते. आम्ही उतरलो, दुसऱ्या बाजूनं चढलो आणि आता पूर्वेच्या टोकापर्यंत जायचं ठरवलं. परतीच्या वाटेवर नदी आली तेव्हा मी उठले. नणंदेनं विचारलं, कुठे? मी म्हटलं, कुठे नाही, इथेच. आणि डब्याच्या मध्ये जाऊन खांबापाशी उभी राहिले. मग हात सोडला.

एका वळणापर्यंत जमलं. दुसऱ्या वळणावर डबा बाहेर झुकला, माझा मेंदू क्षणभर मागे राहिला आणि मी एका लठ्ठ गृहस्थाच्या छातीवर जाऊन आदळले. त्यानं मला दोन्ही दंडांना धरून सरळ उभं केलं, एखादी पडलेली छत्री उभी करावी तसं, आणि हसून मोबाइलमध्ये डोकं घातलं. लीड्समध्ये असं झालं असतं तर कोणीतरी खुर्ची आणली असती, कोणीतरी पाणी. मी पुन्हा हात सोडला. या वेळी गुडघे थोडे वाकवले, झोपाळा उभ्यानं चढवताना वाकवतात तसे. गाडी झुकली, मीही झुकले. गाडी सरळ झाली, मी जराशी उशिरा सरळ झाले. पडले नाही. नणंद मागून बघत होती आणि बोलत नव्हती, हे तिच्यासाठी फार मोठं होतं.

गावाच्या पलीकडच्या भागात, नदीच्या काठावर एका भिंतीवर त्या हत्तीच्या पिल्लाचं चित्र काढलेलं आम्हाला दिसलं. नणंद खिडकीला नाक लावून खाली बघत होती. आता तिला खाली बघता येत होतं.

त्या दिवशी आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळा गेलो ते आठवत नाही. संध्याकाळी जमिनीवर उतरलो तरी आमच्या दोघींचे पाय झुलत होते. हॉटेलात जेवताना टेबलही झुलत होतं, आणि नणंद म्हणाली, तुला रोज असं होतं? मी म्हटलं, रोज. तिनं सूपचा चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, आणि तरी तू भांडतेस. मी म्हटलं, बसून राहिले तर जास्त फिरतं.

तिच्या घरी व्हायचं ते झालं. भाऊ ग्रुप सोडून गेला. आत्यानं फोन करून पाऊण तास ऐकवलं. आईनं बोलणंच बंद केलं. नणंद दर रविवारी फोन करायची, वडील उचलायचे, आई पूजेत आहे म्हणायचे. इतकी पूजा त्या घरात आधी कधी झाली नव्हती. नणंद त्रासली, रडली, पण एकदाही तिनं नवं ट्रेनिंग काढलं नाही. माझ्याकडे यायची तेव्हा ग्रुपवर लिहायची, लीड्सला चाललेय. कोणी काही लिहायचं नाही. पुण्याची एक चुलत बहीण फक्त पसंतीचा अंगठा टाकायची.

मी लीड्सला परतले आणि सोमवारी सुपरवायझरच्या खोलीत गेले. तिला म्हटलं, मला माझं काम परत हवंय. ती उठून खांद्यावर हात ठेवायला आली. मी मागे सरले आणि म्हटलं, खांद्यावर हात नको, माझी परीक्षा घ्या. मशीन ढकलायला लावा, वळायला लावा, शिशाचा एप्रन घालून उभं करा. जमलं नाही तर मी टेबलाशी बसेन आणि पुन्हा विचारणार नाही. ती नाराज झाली. चांगलं वागणाऱ्या माणसाला नाही म्हटलं की त्याला लागतं, ते मला माहीत होतं, पण इलाज नव्हता. कर्मचाऱ्यांची तब्येत बघणाऱ्या ऑक्युपेशनल हेल्थवाल्यांनी मला तपासलं, पुन्हा बोलावलं, आणि शेवटी वॉर्डाच्या कामाला परवानगी दिली. थिएटर अजून दिलेलं नाही. ते मी मागतेच आहे.

पहिल्या दिवशी मशीन ढकलत वॉर्डात गेले तर एका म्हाताऱ्या यॉर्कशरवाल्या पेशंटनं मला वळताना डगमगताना पाहिलं. सकाळी सकाळी प्यायलीस का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, माझा एक कान गेलाय. तो म्हणाला, माझे दोन्ही गुडघे गेलेत, चल, काढ फोटो. मी प्लेट त्याच्या पाठीमागे सरकवली, त्याला श्वास रोखायला सांगितलं आणि फोटो काढला. अगदी स्वच्छ आला.